यलो पडला की रांग वाढते

कोका-कोला ६०० या मोटारींच्या शर्यतीला मी बऱ्याच वर्षांपासून जातो, पण प्रत्यक्ष शर्यत मी फार थोडी पाहिली आहे. मेमोरियल डे म्हणजे मेअखेरचा, युद्धात गेलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन. त्याच्या आदल्या रविवारी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटजवळच्या कॉन्कर्ड गावात ही शर्यत होते. दीड मैलाचा ट्रॅक, ४०० फेऱ्या, ६०० मैल, म्हणजे साधारण ९६५ किलोमीटर. नॅस्कार ही इथली स्टॉक कार शर्यती भरवणारी संस्था, आणि तिच्या सगळ्यात वरच्या कप मालिकेतली ही सगळ्यात लांब शर्यत. संध्याकाळी सहाच्या सुमाराला सुरू होते आणि मध्यरात्र जवळ आली की संपते. तेवढा वेळ मी ग्रँडस्टँडच्या पोटात, एका खाण्यापिण्याच्या काउंटरमागे, काळा एप्रन आणि कॅप घालून उभा असतो.

अमेरिकेतल्या मोठ्या स्टेडियममध्ये खाण्याचे स्टँड चालवायला पुष्कळदा स्वयंसेवी संस्थांची माणसं बोलावतात. दिवसभर राबायचं, आणि विक्रीतला ठराविक टक्का संस्थेच्या खात्यात जमा होतो. आमच्या एका बाजूच्या स्टँडवर कुठल्याशा शाळेच्या बँडमधल्या मुलांचे आईबाप असतात, दुसऱ्या बाजूला चर्चची मंडळी. मधला स्टँड आमच्या मराठी मंडळाचा. त्यांना ट्रम्पेट घ्यायचे असतात, आम्हाला गणपतीसाठी हॉलचं भाडं भरायचं असतं. इथल्या बँकांमध्ये दिवसभर एक्सेल बघणारी माणसं त्या दिवशी नाचोवर चीज ओततात. आमच्या खजिनदार वहिनी अंडंसुद्धा खात नाहीत, पण हातमोजे चढवून दिवसभर हॉटडॉग भरतात. वर मिरची घातलेलं खिम्याचं पातळसर चिली, कोबीची कोशिंबीर, मोहरीचा सॉस आणि चिरलेला कांदा. कॅरोलायनात हॉटडॉग असाच लागतो. 'एवढा कोबी घातल्यावर मुळात आत काय आहे ते कळतंय कुणाला,' असं त्या म्हणतात.

काउंटरमागून दिसते ती काँक्रीटची भिंत, माणसांच्या पाठी आणि वर कोपऱ्यात टांगलेला एक टीव्ही. तो ग्राहकांच्या बाजूला वळवलेला, त्यामुळे मान वाकडी केल्याशिवाय आम्हाला काही दिसत नाही. ऐकू मात्र सगळं येतं. चाळीसएक गाड्या, प्रत्येकीत आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन, आणि आपल्या डोक्यावर हजारो माणसांचं वजन पेलणारं सिमेंट. दर अर्ध्या मिनिटानं तो घोळका समोरच्या सरळ पट्ट्यावरून जातो. आधी पायाखाली थरथर, मग काउंटरवरच्या सुट्या नाण्यांची कुरकुर, मग कानठळ्या, मग शांत. पुन्हा तेच. तासाभरानं शरीर त्या तालाला सरावतं, आणि ताल बिघडला की कुणी न सांगता कळतं. आवाज एकदम खाली आला, गुरगुर लांबत गेली, की यलो पडला. म्हणजे ट्रॅकवर कुणीतरी आपटलंय किंवा गाडीचा एखादा तुकडा पडलाय. पिवळा झेंडा, पुढे पेस कार, सगळ्यांचा वेग कमी. लगेच आमची मॅनेजर, साठी ओलांडलेली बाई, ओरडते, 'हियर दे कम!' वरच्या जिन्यांवरून माणसांचा लोंढा खाली येतो. यलो म्हणजे लघवी, बिअर आणि हॉटडॉग, या क्रमानं. हिरवा झेंडा पडायच्या आत सगळ्यांना परत जागेवर पोचायचं असतं, कारण रिस्टार्टला सगळे दोन-दोनच्या ओळीनं एकदम सुटतात आणि खरी गंमत तिथेच होते.

म्हणून माझ्यापुरती शर्यतीची नोंद रांगेत होते. लांबलचक हिरवा पल्ला म्हणजे रिकामा काउंटर, वहिनींच्या गप्पा, नाचोची भांडी धुणं. तीन-चार यलो पाठोपाठ आले की बर्फ संपतो. घरी येऊन शर्यतीचा आलेख बघितला तर माझ्या आठवणीतल्या रांगांशी तो बऱ्यापैकी जुळतो. हे ऐकून बायको म्हणते, 'मग तिकीट कशाला काढायचं कधी?'

तरी मी काढतो. ट्रॅकच्या पोटात काम करणाऱ्याला वर काय चाललंय याची भूक लागते आणि वर्षातून एकदोनदा ती भागवावी लागते. ऑफिसातले आपलेच लोक यावर हसतात. 'गोलगोल डावीकडे वळत बसतात, त्यात काय बघायचं?' त्यांच्याशी वाद घालायचा मी सोडलं आहे, पण इथे थोडं सांगतो. स्टॉक कार नावाला दुकानातली गाडी. वरून शेव्हरले, फोर्ड, टोयोटाचा चेहरा. आत पोलादी पाइपांचा पिंजरा, एकच सीट आणि बऱ्याच जुन्या विचारांचं दणकट इंजिन. ट्रॅकच्या वळणांना उतार असतो. शार्लटला २४ अंश, अलाबामातल्या टॅलाडेगाला ३३. त्या उतारावर पायी उभं राहायचं म्हटलं तर हातांचा आधार घ्यावा लागेल. टायर घासतात, पेट्रोल जळून गाडी हलकी होते, सूर्य बुडाला की डांबर थंड होतं, आणि दुपारी उत्तम चालणारी गाडी रात्री बिथरते. मग ड्रायव्हर रेडिओवर म्हणतो, 'लूज आहे', म्हणजे वळणावर मागची बाजू बाहेर पळतेय. किंवा 'टाइट आहे', म्हणजे स्टिअरिंग वळवलं तरी पुढची चाकं ऐकत नाहीत. शार्लटची शर्यत उन्हात सुरू होऊन अंधारात संपते, त्यामुळे रात्री साडेदहाला जो पुढे असतो तो सहाला पुढे असलेलाच असेल असं नाही. आणि हे सगळं बोलणं प्रेक्षकाला ऐकता येतं! स्कॅनर भाड्यानं मिळतो. कानाला लावला की ड्रायव्हर, त्याच्या टीमचा प्रमुख म्हणजे क्रू चीफ, आणि छतावर उभा राहून 'आतून येतोय, आतून येतोय, गेला' असं सांगणारा स्पॉटर, तिघांचं बोलणं थेट. शिव्यांसकट. क्रिकेटमध्ये कॅप्टन आणि बोलरची कुजबुज आपल्याला अशी मिळाली असती तर आपण काय काय केलं असतं!

दुसरी सोय म्हणजे बहुतेक ट्रॅकवर आपलं खाणंपिणं आपण नेऊ शकतो, ठरवून दिलेल्या मापाच्या कूलरमध्ये. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं नेतो. फॅन म्हणून ही सोय मला फार आवडते, आणि स्टँडवाला म्हणून दुसऱ्यांचे कूलर बघवत नाहीत.

माझा आवडता ट्रॅक डार्लिंग्टन, साउथ कॅरोलायनातला. शार्लटपासून दोनेक तास, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि शेतं. हॅरॉल्ड ब्रासिंग्टन नावाचा माणूस इंडियानापोलिसची शर्यत पाहून आला आणि आपल्या गावात तसंच काहीतरी उभं करायचं त्याच्या डोक्यानं घेतलं. जागा घेतली ती शेतजमीन, आणि मूळ मालकाची एकच अट होती: माझ्या तळ्याला हात लावायचा नाही. तळ्यात तो मासे धरायच्या गळासाठी लागणारे बारके मासे वाढवायचा. मग काय, ट्रॅकचं एक टोक आवळलं आणि अंड्यासारखा आकार झाला. दोन्ही टोकांची वळणं वेगळी, त्यामुळे एका टोकाला झकास चालणारी गाडी दुसऱ्या टोकाला रडते. एका माणसानं तळ्यातले मासे सोडले नाहीत म्हणून सत्तरहून अधिक वर्षं जगातले चांगले ड्रायव्हर घाम गाळतायत. मला हे कायमच फार गोड वाटत आलं आहे.

तिथली पहिली सदर्न ५०० शर्यत १९५० च्या लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरातल्या कामगार दिनाला झाली. ७५ गाड्या उतरल्या. त्या जमान्यात एवढ्या वेगानं पाचशे मैल कुणी स्टॉक कार पळवली नव्हती, आणि टायर फटाफट फुटत होते. जॉनी मँट्झनं सगळ्यांपेक्षा हळू चालणारी प्लिमथ आणली होती, पण टायर कडक घातले होते. बाकीचे टायर बदलायला पिटमध्ये, म्हणजे कडेच्या दुरुस्तीच्या जागेत, ये-जा करत बसले आणि हा आपला संथपणे फिरत राहिला. सहा तासांहून जास्त वेळ चाललेली ती शर्यत त्यानं नऊ फेऱ्यांच्या अंतरानं जिंकली. आजही डार्लिंग्टनचं डांबर टायर खातं. गाड्या वळणातून बाहेर पडताना वरच्या भिंतीला इतक्या खेटून जातात की उजव्या बाजूचा रंग खरवडून निघतो. त्याला 'डार्लिंग्टन स्ट्राइप' म्हणतात, आणि तो पट्टा मिरवतात. शेवटच्या वळणाजवळ बसलो की जळक्या रबराचा वास येतो आणि टायरांचे बारीक काळे कण कपड्यांवर, पुऱ्यांवर, सगळीकडे बसतात.

व्हर्जिनियातलं मार्टिन्सव्हिल त्याच्या अगदी उलट. अर्ध्या मैलाच्या थोडा वरचा, पेपरक्लिपच्या आकाराचा ट्रॅक, १९४७ पासूनचा. जिंकणाऱ्याला चषक म्हणून माणसाच्या उंचीचं लंबकाचं घड्याळ मिळतं. इथे वेग कमी, ढकलाढकली जास्त. इथला लालचुटूक सॉसेजचा हॉटडॉग प्रसिद्ध आहे. वर्षानुवर्षं तो दोन डॉलरला मिळायचा, आणि धंद्यातला माणूस म्हणून मी त्या किमतीकडे आदरानं बघत आलो आहे. इथेच ऑक्टोबर २०२२ मध्ये रॉस चॅस्टेननं शेवटच्या फेरीत पाचवा गिअर टाकून गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली आणि ब्रेक न लावता भिंतीच्या आधारानं सगळं वळण काढलं. एका वळणात पाच गाड्या मागे, आणि मोसमाच्या विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत जागा. ही युक्ती लहानपणी व्हिडिओ गेममध्ये केली होती, असं त्यानं नंतर सांगितलं. पुढल्या मोसमापासून असं करायला परवानगी नाही, हे नॅस्कारनं स्पष्ट केलं. बरं झालं. एकदा पाहायला ते अद्भुत होतं. दर रविवारी असं चाललं असतं तर भिंतीपलीकडच्या माणसांचा विचार कुणी करायचा?

नॉर्थ कॅरोलायनातल्याच नॉर्थ विल्क्सबरोच्या ट्रॅकबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे जायचं ते डोंगरासाठी. १९९६ नंतर तो ट्रॅक बंद पडला, स्टँडमध्ये गवत उगवलं, आणि २०२३ मध्ये ऑल-स्टार शर्यतीच्या निमित्तानं पुन्हा जिवंत झाला. या भागात चोरटी दारू गाळायचे आणि पोलिसांना चुकवायला गाड्या पळवायचे, हा नॅस्कारचा पूर्वेतिहास. २०२४ मध्ये जुन्या स्टँडखाली एक मोठी पोकळी सापडली आणि लगेच चर्चा: इथे दारूची भट्टी असणार. गावकऱ्यांना याचा अभिमान वाटत होता, हे विशेष.

बाहेरगावी फिरताना एक गोष्ट मात्र टाळून चालणार नाही. पूर्वी ट्रॅकच्या आतल्या मैदानात, तंबूंवर आणि मोटारघरांवर, कॉन्फेडरेट झेंडे सर्रास दिसायचे. गुलामगिरीसाठी लढलेल्या राज्यांचा झेंडा. एखादा म्हातारा प्रेमानं खुर्ची पुढे करायचा, बिअर द्यायचा, 'कुठल्या नंबरचा फॅन?' म्हणून विचारायचा, आणि त्याच्या डोक्यावर तो झेंडा फडफडत असायचा. काय करावं कळत नसे. खुर्चीवर बसावं? मी बसायचो. जून २०२० मध्ये नॅस्कारनं त्या झेंड्यावर बंदी घातली. गर्दी बदलली का? थोडी. प्रामाणिकपणे सांगायचं तर काउंटरमागे मला कधी काही ऐकावं लागलं नाही. पण आमच्यातल्या कुणी एप्रन घालून त्यांना हॉटडॉग देणं आणि त्यांच्या शेजारी तिकीट काढून बसणं, यात फरक आहे, हे मला दोन्ही केल्यामुळे माहीत आहे.

मार्टिन्सव्हिलजवळच्याच डॅनव्हिलचा वेंडेल स्कॉट. काळा ड्रायव्हर, स्वतःच मेकॅनिक, घरची माणसंच क्रू. १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलची शर्यत त्यानं जिंकली, पण विजयाचा झेंडा आणि मान दुसऱ्याला दिला गेला. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, मोजणीत चूक झाली म्हणून विजय त्याच्या नावावर लागला. त्या दिवसाचा चषक त्याला मिळाला नाही. तो १९९० मध्ये गेला. शार्लटच्या नॅस्कार हॉल ऑफ फेममध्ये २०१५ साली त्याला स्थान मिळालं, आणि चषक घरच्यांच्या हाती पडायला २०२१ उजाडावं लागलं. फेऱ्या मोजण्यातली चूक अशी नेमकी एकाच माणसाच्या वाट्याला येते, यावर अजून कुणी मला पटेल असं काही सांगितलेलं नाही.

तरी हा खेळ मला सुटत नाही. पुणे-सातारा पट्ट्यात बैलगाडा बघायला जमलेल्यांना जशी मालकापेक्षा बैलाची नावं आधी आठवतात, तसे इथे गाड्यांचे नंबर. ३, २४, ४३. दंडावर गोंदलेला तीन म्हणजे डेल अर्नहार्ट. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून तो गेला. त्यानंतर डोकं आणि मान जागेवर धरणारं उपकरण सक्तीचं झालं, भिंतींना धक्का शोषणारी अस्तरं आली, आणि आजवर कप मालिकेच्या शर्यतीत दुसरा ड्रायव्हर दगावलेला नाही. आमच्या काउंटरवर येणाऱ्या माणसाला हे सगळं तोंडपाठ असतं. तुम्ही हॉटडॉगवर सॉस घालेपर्यंत तो सांगतो.

२०२४ ची ६०० मात्र आम्ही काउंटरवाल्यांनीच पुरती जगली म्हणायची. काइल लार्सन त्या दिवशी दोन शर्यती करणार होता. दुपारी इंडियानापोलिस ५००, मग विमानानं शार्लट, आणि संध्याकाळी ६००. तिकडे पावसानं चार तास उशीर झाला. इकडे त्याच्या पाच नंबरच्या गाडीत जस्टिन ऑलगायर बसला. लार्सन धावतपळत पोहोचला, हेल्मेट घेऊन पिटमध्ये उभा राहिला, आणि तेवढ्यात इथे पाऊस सुरू झाला. २४९ फेऱ्यांवर गाड्या थांबल्या. ओल्या डांबरावर या मोठ्या ओव्हलवर शर्यत होत नाही. टायरांना खाचाच नसतात. सगळं ग्रँडस्टँड खाली उतरलं. कॉफी संपली, मग गरम पाणीही संपलं. पाच नंबरचे शर्ट घातलेले लोक ओल्या अंगानं काउंटरला टेकून विचारत होते, 'काही कळलं का?' एप्रन घातलेल्या माणसाला सगळं माहीत असतं असा समज असतो. बाहेर जेट इंजिन लावलेले ट्रक ट्रॅक वाळवत होते, पण हवा इतकी दमट की वाळलेलं परत ओलं. शेवटी रात्री उशिरा शर्यत तिथेच संपल्याचं जाहीर झालं आणि क्रिस्टोफर बेल विजेता ठरला. लार्सननं एकही फेरी मारली नाही. लोक चिडले. काउंटरमागे उभा असल्यानं मला तो निर्णय पटला. पहाटेपर्यंत ट्रॅक वाळायची वाट बघत बसलेली लहान मुलं मी समोर बघत होतो. वर सीटवर असतो तर मीही शिव्याच घातल्या असत्या.

एरवी ६०० च्या बरोबर मध्यावर गाड्या पिट रोडवर आणून इंजिनं बंद करतात. मेमोरियल डेचा शनिवार-रविवार, त्यामुळे गाड्यांच्या समोरच्या काचेवर ड्रायव्हरच्या नावाऐवजी युद्धात मारल्या गेलेल्या सैनिकांची नावं असतात. त्या अर्ध्या मिनिटात आमचाही काउंटर थांबतो. वहिनी हातात मोहरीच्या सॉसची बाटली घेऊन तशाच उभ्या, समोरचा माणूस टोपी छातीशी धरून, आणि इतका वेळ थरथरणारं सिमेंट गप्प. मग इंजिनं सुरू होतात आणि तो माणूस म्हणतो, 'कांदा नको.'

२०२५ ला चॅस्टेनचीच रात्र. सरावात त्याची गाडी ठोकली गेली, टीमनं रात्रभर जागून दुसरी उभी केली, आणि तो चाळिसाव्या, म्हणजे अगदी शेवटच्या जागेवरून सुटला. रात्रभर विल्यम बायरन पुढे. शेवटच्या काही फेऱ्यांत चॅस्टेननं त्याला गाठलं आणि जिंकला. आमचा काउंटर तोवर बंद झाला होता. शटर अर्धं खाली, आम्ही कप मोजत बसलेलो. स्टँडचा हिशोब पैशांपेक्षा कपांवर चालतो: किती कप दिले, किती उरले, मधले विकले. त्यामुळे एकही कप इकडेतिकडे झालेला चालत नाही. टीव्ही आता आमच्या बाजूला वळवला होता. चॅस्टेन फ्लोरिडातल्या कलिंगड पिकवणाऱ्या घरातला, त्यामुळे जिंकला की गाडीवर चढून कलिंगड रस्त्यावर आपटतो. आपटलं. वहिनींनी मोजणी थांबवून बघितलं.

'अख्खं गेलं की हो!' त्या म्हणाल्या. 'आमच्याकडे उन्हाळ्यात असं कुणी केलं असतं तर सासूबाईंनी घरात घेतलं नसतं.' मग खाली बघितलं. 'आता मी बेचाळीसवर होते का बावन्नवर?'

सगळे कप पुन्हा पहिल्यापासून मोजले. बाहेर पार्किंगमधून एकही गाडी हलत नव्हती, त्यामुळे तशी कुणाला घाईही नव्हती.